सनदेवर राजाची सही नसते

संग्रामपूरहून पूर्वेला निघालं आणि वान नदी ओलांडली की बुलढाणा जिल्हा संपतो, अकोल्याचा तेल्हारा तालुका लागतो. उत्तरेला सातपुड्याची रांग सोबत चालत असते, दक्षिणेला पूर्णेपर्यंत काळी सपाट जमीन. याच पट्ट्यात अडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इथे नागपूरकर भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीची इंग्रजी फौज समोरासमोर आली. दुपार कलल्यावर सुरू झालेली लढाई अंधार पडेपर्यंत निकालात निघाली आणि चांदण्यात घोडदळाने पाठलाग केला. भोसल्यांच्या ३८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. आज तिथे उभं राहिलं तर कपाशी आणि तूर दिसते, बाकी काही नाही.

लढाईचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे आणि थोडा कारकुनी आहे. त्या दिवशी दोन्ही बाजूंना जे सरदार नि अधिकारी उभे होते, ते कोणत्या कागदाच्या जोरावर? 'तू अमुक इतक्या शिपायांवर हुकूम चालव' असं त्यांना कोणी लिहून दिलं होतं, त्यावर कोणाची सही होती, आणि तो कागद आता कुठे असेल?

हा प्रश्न पडण्याचं कारण म्हणजे संग्राहकांची एक जमात. इंग्लंड-अमेरिकेत राजाच्या सहीची लष्करी नेमणूकपत्रं, म्हणजे 'कमिशन', जमवण्याचा छंद जुना आहे. आता लिलावांच्या संकेतस्थळांमुळे तो आपल्याकडेही आला. तिसऱ्या जॉर्जची सही असलेला चर्मपत्राचा तुकडा चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायचा. आणि मग हौस वाढली की 'शाहू महाराजांच्या सहीची सनद मिळेल का' अशी विचारणा सुरू होते. इथे घोटाळा होतो. तो समजून घ्यायचा तर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात.

आधी वेलस्लीच्या बाजूचा. तिसऱ्या जॉर्जच्या काळातलं कमिशन म्हणजे आडवं चर्मपत्र. मजकूर छापील किंवा वळणदार अक्षरात लिहिलेला; अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, पलटण आणि तारीख यांच्या जागा मोकळ्या सोडून नंतर हाताने भरलेल्या. सही शोधायला आपण सवयीने खाली पाहतो. राजाची सही तिथे नसते, ती वर डाव्या कोपऱ्यात असते. राजा मजकुराच्या खाली सही करत नाही, वर करतो. खाली असते ती मंत्र्याची प्रतिसही. डाव्या समासात कागदी मोहोर चिकटवलेली, आणि तिच्या आसपास सरकारी शुल्काचा ठसा. राजाचं डोकं फिरलं आणि १८११ मध्ये युवराज कारभार पाहू लागला, तेव्हापासून त्याच जागी युवराजाची सही येते, नावापुढे 'प्रिन्स रीजंट' दाखवणारी अक्षरं जोडून. अक्षरांतला हा फरक ज्याला दिसत नाही त्याने लिलावात हात वर करू नये.

या कागदाची आणखी एक गंमत अशी की तो विकत मिळायचा. आजच्या संग्राहकाला नव्हे, त्या काळच्या अधिकाऱ्याला. इंग्रजी पायदळात आणि घोडदळात हुद्द्यांचे दर ठरलेले होते. वेलस्लीने ३३ व्या पलटणीतली मेजरकी आणि मग १७९३ साली लेफ्टनंट कर्नलकी पैसे मोजून घेतली. पैसे दिले थोरल्या भावाने, रिचर्डने. अडगावच्या लढाईच्या वेळी तोच भाऊ कलकत्त्यात गव्हर्नर जनरल होता. हुद्दे विकण्याची ही पद्धत १८७१ पर्यंत चालली. आपल्याकडच्या इनामी-वतनी कारभाराला नावं ठेवणाऱ्या इंग्रज अंमलदारांच्या स्वतःच्या घरात हे चाललं होतं, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

त्याच फौजेत वेलस्लीच्या जोडीला कर्नल स्टीव्हन्सन होता, तो मद्रास फौजेचा, म्हणजे कंपनीचा नोकर. कंपनीच्या अधिकाऱ्याची नेमणूक कंपनी सरकार करी, राजा नव्हे. हुद्दा सारखा असला तरी राजाच्या कमिशनवाल्याचा मान वरचा, आणि यावरून दोन्हींत कायम धुसफूस असे. म्हणून हिंदुस्थानात लढलेल्या एखाद्या 'कॅप्टन'चा कागद हाती आला की पहिली चौकशी हीच: पलटण राजाची की कंपनीची? कंपनीची असेल तर राजाची सही असण्याची अपेक्षाच चूक.

आता पलीकडच्या बाजूचा कागद. भोसल्यांच्या फौजेतला शिलेदार, पथक्या, किल्लेदार हे सगळे शेवटी ज्याच्या हुकमतीत होते तो नागपूरकर भोसला स्वतः 'सेनासाहेबसुभा' होता. हा किताब सातारच्या छत्रपतींचा. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून १७०७ मध्ये दक्षिणेत आले, तेव्हा परसोजी भोसले त्यांना लगोलग येऊन मिळाले. त्याचं फळ म्हणून किताब आणि वऱ्हाड-गोंडवनातला अधिकार त्यांच्या घराण्यात आला. वऱ्हाडच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं लष्करी नेमणूकपत्र म्हणायचं तर हेच.

पण छत्रपतींची सनद उघडून सही शोधाल तर निराश व्हाल. वर 'श्री', त्याखाली मुद्रा. मग 'स्वस्ति श्री राज्याभिषेक शक' अशी सुरुवात, संवत्सराचं नाव, तिथी, वार. 'क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शाहू छत्रपति स्वामी यांणी' अमक्याला आज्ञा केली ऐसीजे, असं म्हणून मजकूर सुरू. शेवटी 'जाणिजे', आणि मजकूर जिथे संपला तिथे लहान शिक्का, मोर्तब. पुढे कोणी चार ओळी घुसडू नयेत म्हणून ती जागा बंद केलेली. शेजारी कारकुनाच्या हातची नोंद, 'मोर्तब सुद'. कागद लांब असेल तर तुकडे डकवून जोडलेले, आणि जोडाच्या मागच्या बाजूला शिक्का उठवलेला, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. पाठीवर 'सुरू सुद', 'बार' अशा दफ्तरी खुणा. राजाच्या हातचं अक्षर या सगळ्यात कुठेच नाही. लिहिणारा कारकून, तपासणारा फडणीस, शिक्का उठवणारा दुसराच.

अपवाद आहेत. संभाजी महाराजांचं १६८० सालचं नामदेवभट बाकरे यांना दिलेलं संस्कृत दानपत्र प्रसिद्ध आहे ते यामुळेच, की त्याच्या माथ्यावर महाराजांनी स्वहस्ते संमती लिहिली आहे. पण ते दानपत्र आहे, लष्करी सनद नव्हे. आणि एका कागदाचा इतका बोलबाला व्हावा, यातच तो किती विरळा ते आलं.

खरं तर मराठी राज्यात नेमणूक कागदाने पुरी होतच नसे. ती वस्त्रांनी होई. बाजीराव बल्लाळांना पेशवाई मिळाली ती १७ एप्रिल १७२० रोजी, वस्त्रं मिळाली तेव्हा. सरदाराला वस्त्रं, शिक्के-कट्यार, मानाप्रमाणे हत्ती, घोडा, जरीपटका. कागद मागाहून निघे आणि त्याची नक्कल दफ्तरात चढे. वस्त्रं एकाची उतरवून दुसऱ्यालाही देता येत. नागपूरकर जानोजी १७७२ मध्ये वारले आणि मुधोजी व साबाजी या भावांत सेनासाहेबसुभेपदासाठी जुंपली, तेव्हा पुण्याचा दरबार कधी याच्या बाजूला तर कधी त्याच्या. निकाल कोणत्याच सनदेने लागला नाही. २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले, आणि वाद मिटला.

कागद आधी की तलवार आधी, या प्रश्नाचं याहून रोखठोक उत्तर बुलढाणा जिल्ह्यातच मिळतं. सिंदखेड राजाकडचं साखरखेर्डा. दिल्लीचा बादशहा मुहम्मदशहा निजामुल्मुल्कावर नाराज झाला आणि त्याने दख्खनची सुभेदारी हैदराबादच्या मुबारिजखानाला देऊ केली. म्हणजे बादशाही फर्मान मुबारिजखानाच्या पदरात. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्ड्याला लढाई झाली. फर्मानवाला मुबारिजखान मारला गेला, बंडखोर ठरलेला निजाम जिंकला. पुढच्याच वर्षी त्याच बादशहाने निजामाला दख्खनचा सुभेदार म्हणून कायम केलं आणि वर 'आसफजाह' हा किताब दिला. निजामाने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. लोकांनी आपलं साखरखेर्डाच चालू ठेवलं. मुबारिजखानाचं ते फर्मान आज कोणाच्या हाती लागलं तर संग्राहक त्याला सोन्याने मढवेल. त्या दिवशी संध्याकाळी मात्र ते रद्दी होतं.

मोगली कागदातही सही नसते, हे सांगायला हवं. माथ्यावर तुघ्रा, बादशहाची गोल मोहोर, आणि फार मोठी कृपा असेल तर पंजाचा ठसा. मनसब ठरे ती आकड्यांत: 'जात' हा मान आणि 'सवार' हे पाळायचे घोडे. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, बाल संभाजीराजांच्या नावे पाच हजारांची मनसब लिहिली गेली ती याच हिशेबात. सिंदखेडचे लखुजी जाधव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले आणि परत आले, तेही अशाच आकड्यांच्या ओढीने. परत आल्यावर २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, त्यांचा घात झाला.

आता गोष्ट पुन्हा इंग्रजांकडे येते, आणि इथे मला हसू आवरत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात फौज वाढली, कमिशनं हजारोंनी निघू लागली आणि प्रत्येकावर राणीने हाताने सही करायची. गठ्ठे साचत गेले. १८६१ च्या डिसेंबरात तिचा नवरा वारला आणि कामच थांबलं. अखेर १८६२ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की राणीच्या स्वहस्ताक्षराशिवायही कमिशन ग्राह्य. पहिल्या महायुद्धात तर तात्पुरत्या अधिकाऱ्यांची इतकी कमिशनं निघाली की पंचम जॉर्जच्या सहीचा ठसा उमटवण्यात आला. म्हणजे फिरून फिरून गाडी शिक्क्यावरच आली. सातारच्या फडावर जी अक्कल होती, की एवढ्या मोठ्या राज्यात राजाने प्रत्येक कागदाला हात लावायचा नसतो, ती लंडनला यायला बराच वेळ लागला. बाजारात 'राजाच्या सहीचं' म्हणून जे विकलं जातं त्यात हे ठशाचे कागद पुष्कळ. भिंग लावून पाहिलं तर ठशाच्या रेषेत शाईची जाडी सगळीकडे सारखी दिसते. टाक फिरवलेल्या रेषेत दाब कमी-जास्त होतो, वळणावर शाई साचते.

मराठी घरांत राजाच्या कमिशनचे कागद येऊ लागले ते त्याच महायुद्धानंतर. त्याआधी सुभेदार, जमादार, रिसालदार हे जे हिंदी अंमलदार होते त्यांची नेमणूक व्हाइसरॉयच्या कमिशनची. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या लष्करी घराण्यांत आजोबांचा असा कागद पेटीत असतो, आणि घरचे लोक अभिमानाने त्याला 'राजाची सनद' म्हणतात. म्हणोत बापडे, विकणाऱ्याने मात्र म्हणू नये. राजाचं कमिशन हिंदी माणसाला खुलं झालं १९१७ पासून. पुढे निवडक मुलं सँडहर्स्टला जाऊन ते घेऊन येऊ लागली. लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात त्यांतले, १९२६ चे. १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी निघाली आणि हिंदी अधिकाऱ्यांचं कमिशन वेगळं झालं. प्रजासत्ताकानंतर ते राष्ट्रपतींच्या नावाने निघतं.

हे सगळं झालं सहीचं. पण संग्रामपूरच्या बाजूने पाहिलं तर सहीपेक्षा मोठा प्रश्न पगाराचा आहे. नेमणूक कोणीही करो, शिपायाला पोसायचं कोणी?

वऱ्हाडाचं उत्तर सरळ आहे: इथल्या काळ्या जमिनीने. मोगलाईत इथल्या जहागिरी फौज पाळण्यासाठी तोडून दिलेल्या असत. मग निजाम आणि भोसले यांची दुअमली आली. एकाच गावच्या वसुलात दोन सरकारांचे वाटे, आणि त्या वाट्यांवर दोन फौजा. अडगावनंतर गाविलगड पडला, १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला, भोसल्यांचा वऱ्हाडावरचा हक्क गेला आणि मुलूख निजामाकडे आला. नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले तेवढे भोसल्यांकडे राहिले. निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज उभी राहिली, तीच 'हैदराबाद कंटिंजंट'. तिचा पगार थकला, कर्ज चढलं, आणि १८५३ च्या तहाने त्या फौजेच्या खर्चापोटी डलहौसीने अख्खं वऱ्हाड लावून घेतलं. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी फौजेत विलीन झाली. आजच्या भारतीय लष्करातलं डेक्कन हॉर्स हे दळ त्याच घोडदळाचं वारस. म्हणजे पन्नास वर्षं त्या घोडेस्वारांच्या पगाराचं कारण दाखवून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाटलाकडून सारा घेतला गेला. ज्या कागदावर हे दिसतं त्यावर कोणाची राजसही नाही. तो गावचा जमाबंदीचा कागद आहे, आणि लिलावात त्याला गिऱ्हाईक नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे, की लष्करी कागद एकेकटा जमवायची वस्तू नाही. सनदेला अर्थ येतो तो तिची दफ्तरातली नक्कल, सरंजामाचा जाबता, गावची जमाबंदी आणि तक्रारीचा एखादा अर्ज यांच्या शेजारी ठेवल्यावर. रुमाल सोडायचा, शिक्क्याचा देखणा कागद तेवढा उपसून घ्यायचा आणि बाकीचं बोहारणीला द्यायचं, हे मी वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांत ऐकलं आहे. कागद वाचवला म्हणून तो माणूस वर फुशारकीही मारतो.

आपल्याकडे थोर संग्राहक झाले ते या बाबतीत दोन जातींचे. राजवाडे गावोगाव हिंडून दफ्तरं मिळवायचे ती मजकुरासाठी. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा. १९१० मध्ये त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. द. ब. पारसनीस दुसऱ्या जातीचे. त्यांना देखण्या वस्तूची नजर होती: चित्रं, इंग्रजी हस्ताक्षरं, नकाशे, मोहरा. राजवाड्यांच्या भक्तांनी पारसनीसांना बरंच नाक मुरडलं. पण नाना फडणीसांचं मेणवली दफ्तर हाती लागल्यावर पारसनीसांनी ते फोडून विकलं नाही. त्यांचा संग्रह साताऱ्याच्या संग्रहालयात गेला आणि १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. हौस असावी तर अशी. आमच्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर बुलढाण्याचे वकील या. मा. काळे. वकिलीत जुने कागद डोळ्यांखालून जायचे, आणि त्यातून १९२४ साली त्यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' उभा राहिला. यवतमाळला य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमातून तेच काम केलं.

खोट्या सनदांचा धंदाही या संग्रहांइतकाच जुना. इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात 'हक्काचा कागद दाखवा' म्हटलं, वऱ्हाडात १८५९ चे इनाम नियम आले, आणि ज्याच्याकडे कागद नव्हता त्याच्याकडे तो येऊ लागला. जुना कोरा कागद मिळवायचा, शिक्का कोरून घ्यायचा. पण बनावट करणारा बहुधा तारखेत सापडतो. मराठी कागदावर 'सन अर्बा तिसैन मया व अलफ' असं लिहिलेलं असतं: चार, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११९४. त्यात ५९९ मिळवले की १७९३, आणि हे वर्ष मृगाला सुरू होऊन पुढच्या मृगाला संपतं. शेजारी चंद्राची तारीख 'छ' लिहून हिजरी महिन्यात. शक, सुहूर आणि छ, तिन्ही एकमेकांशी जुळायला हवेत. वर ज्याचा शिक्का आहे तो त्या दिवशी त्या पदावर हवा. शिक्का कोरणारा कारागीर सुबक मिळतो, पंचांग जुळवणारा क्वचितच.

कायदाही आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाचा हस्तलिखित कागद ७५ वर्षांचा झाला की पुरावस्तू ठरतो. धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. घरात ठेवायला बंदी नाही. वऱ्हाडात ठेवणं हीच मोठी कसरत. उन्हाळा ४५ अंशांना टेकतो आणि कागद पापडासारखा मोडतो, पावसाळ्यात वाळवी आणि कसर. चौकट करून भिंतीला लावलेल्या सनदेची शाई उन्हाने उडते, आणि प्लॅस्टिकचं आवरण चढवलेली तर गेलीच समजा.

संग्रामपूर तालुक्यातल्या कोणाला आपल्या गावच्या फौजी कागदांचा माग काढायचा असेल तर एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा मुलूख जुन्या जळगाव तालुक्यातला, आणि जळगाव व खामगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. त्यामुळे बुलढाण्याच्या नावाने शोधलं तर हात हलवत परत यावं लागतं. आधी अकोला, मग नागपूरचं पुराभिलेखागार, आणि त्याही मागे जायचं तर हैदराबाद. वऱ्हाड निजामाचं होतं, तेव्हा कागद निजामाकडेच असायचे.

हैदराबादच्या राज्य पुराभिलेखागारात शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दख्खनचे दीड लाखाच्या घरातले फारसी कागद आहेत. त्यांत 'अर्ज-ओ-चेहरा' नावाचा एक प्रकार आहे. मनसबदाराने कागदावर पाचशे घोडी दाखवून प्रत्यक्षात दोनशे पाळू नयेत म्हणून स्वारांची हजेरी होई आणि प्रत्येकाचं वर्णन उतरवून घेत. नाव, बापाचं नाव, जात, गाव; रंग गव्हाळ की सावळा, भुवया जुळलेल्या की सुट्या, देवीचे वण, कपाळावर जखमेची खूण कुठल्या बाजूला. खाली घोड्याचा रंग आणि त्याला दिलेल्या डागाची जागा. बादशहाची मोहोर, तुघ्रा, पंजा यांतलं काहीच या कागदावर नाही. बालापूरसारखी छावणीची गावं याच मुलखातली, तेव्हा त्या गठ्ठ्यांत वऱ्हाडी चेहरे असणारच. फारसी शिकस्ता वाचणारा एखादा तरुण तिकडे महिनाभर बसला तर त्याला नावानिशी माणसं भेटतील.